दिवस टांगायचा फळा

मी एक फळा आहे. पण लिहायचा नव्हे. माझ्यावर खडू कुणी चालवत नाही. माझ्या अंगावर ओळीनं तारेचे आकडे बसवलेत आणि त्यांना चित्रं टांगलेली असतात. सकाळचं चित्र डाव्या हाताला, त्याच्या शेजारी पुढचं, मग त्याच्या पुढचं. लहान मुलांचा एक अख्खा दिवस असा माझ्यावर टांगलेला असतो.

जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावापासून सहा-सात किलोमीटर आत, डोंगराच्या उताराला आमची वाडी आहे. तिथल्या अंगणवाडीच्या भिंतीवर मी असतो. मुलांचा हात पोचावा म्हणून मला खाली, जमिनीपासून दोन फुटांवर ठोकलंय. उभ्या माणसांचे मला गुडघेच दिसतात. चेहरे दिसतात ते मुलांचे, आणि जी माणसं मुलांसाठी खाली बसतात त्यांचे.

माझा जन्म रंगनाथ सुतारांच्या पडवीत झाला. कुणाच्या तरी ओट्याखालच्या कपाटांचं काम झाल्यावर प्लायवूडचा एक तुकडा उरला होता, तो मी. भिंतीला टेकून धूळ खात पडलो होतो. एक दिवस अंगणवाडीच्या सेविका स्नेहलताई आल्या. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, वाडीतल्याच एका घरच्या सूनबाई.

"रंगनाथकाका, हा तुकडा मला द्या. मुलांचा दिवस मांडायचाय त्याच्यावर."

"दिवस? त्यो काय मांडायचा असतो व्हय, ताई? उगवतो आन मावळतो."

ताई हसल्या. "आता पाच वाजेपर्यंत पोरं सांभाळायचीत, काका. नुसता उगवून मावळला तर जड जाईल."

रंगनाथकाकांनी मला कापून सरळ केलं आणि माझ्या कडा दोनदा घासल्या. "पोरांच्या हाताला कूस लागाया नगं," असं म्हणत ते तळव्यानं माझी कड चाचपत राहिले. माझ्या आयुष्यातली ती पहिली माया.

ताई म्हणाल्या ते खरं होतं. तोवर अंगणवाडी दुपारची खिचडी झाली की सुटायची. पण आमच्या वाडीतली निम्मी तरणी माणसं दसरा झाला की ऊस तोडायला जातात, ती थेट होळी-पाडव्याला परततात. मागं लहान पोरं राहतात आजी-आजोबांजवळ, आणि त्या म्हाताऱ्यांनाही शेळ्या असतात, रोजंदारी असते. म्हणून गेल्या वर्षी अंगणवाडीला जोडून पाळणाघर सुरू झालं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. तीन ते पाच वर्षांची सोळा मुलं.

जामखेडला प्रशिक्षण घेऊन आलेल्या ताईंनी मोठ्या उमेदीनं एक वेळापत्रक लिहिलं आणि ते माझ्यावर चिकटवलं. सुंदर अक्षर, लाल-निळ्या रेघा. पंधरा-पंधरा मिनिटांची घरं आखलेली. प्रार्थना, हजेरी, अंकओळख, नाश्ता, गाणी, गोष्ट. मला माझाच अभिमान वाटला.

मदतनीस बनुबाई चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं, आटपून आल्या. त्यांना साठी लागलेली. पाच लेकरं वाढवलेली, त्यातलं एक गेलेलं. सही करण्यापुरतीच अक्षरं येत होती. पदराला हात पुसत त्या माझ्यापुढं उकिडव्या बसल्या.

"वाचून दावा, ताई."

ताईंनी सगळं वाचून दाखवलं. बनुबाईंनी माझ्यावरच्या एकेका घरावरून बोट फिरवलं.

"लई ब्येस लिवलंय. पन ह्यात पोरं मुतनार कवा?"

ताईंनी पेन्सिल घेतली. मग त्यांनी समासात 'लघवी, पाणी' असं बारीक लिहिलं.

तो कागद चारच दिवस टिकला. मुलं घरून कपभर चहा आणि एक बटर खाऊन आलेली असायची, कधी तेही नाही. साडेनऊलाच त्यांचं पोट बोलायला लागायचं आणि माझ्यावर नाश्ता होता साडेदहाला. एक रडलं की सोळा रडायची. अंकओळखीच्या वेळी ऊन कोवळं असायचं आणि मुलं दाराकडं पळायची. बाहेर खेळायची वेळ आली की उन्हानं फरशी तापलेली. एक वाजता गाणी होती, पण त्याआधीच दोन मुलं खिचडीच्या ताटलीवर डुलक्या घ्यायची, आणि दोन वाजता त्यांना झोपवायला जावं तर डोळे टक्क उघडे. ताई घड्याळाकडं बघत, मग माझ्याकडं, मग मुलांकडं. चौथ्या दिवशी त्यांनी एका मुलाच्या पाठीत धपाटा घातला. लगेच त्याला पोटाशी धरून त्याच रडायला लागल्या.

बनुबाई म्हणाल्या, "पोराला घड्याळ कळत न्हाई, ताई. त्याला येवडंच पायजे असतं, हे झाल्यावर काय."

ताईंनी कागद काढून टाकला. आठ दिवस मी कोरा होतो. ताई एक वही घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि मुलं आपणहून कधी काय करतात ते लिहून ठेवायच्या. कुणाला कधी भूक लागते. किती वेळ एका जागी बसतात. कुणाचे डोळे कधी जड होतात. कधी भांडणं वाढतात. बनुबाई येता-जाता सांगायच्या, ताई तेही टिपून घ्यायच्या.

मग ताईंच्या स्वतःच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका घरातून आल्या. पाठीमागची कोरी बाजू. त्यावर ताईंनी चित्रं काढली: हात धुणारं मूल, वाटी, झाड आणि ऊन, चेंडू, गोष्ट सांगणारी बाई, ताटली, चटई. रंगनाथकाकांनी मला हिरवा रंग दिला आणि आकडे ठोकले. आता आल्याआल्या हात धुऊन खाणं, मग कोवळ्या उन्हात अंगण, मग आत बसून काम. मध्ये पाणी आणि मोरी, चित्रासकट. जेवण लवकर आणि जेवणाला लागूनच झोप. झोपेच्या शेजारी शेवटचं चित्र: एक घर, दारात साडीतली बाई, आणि तिचा हात धरलेलं मूल.

एक-एक गोष्ट झाली की एका मुलानं यायचं आणि ते चित्र उलटं करायचं. कुणाची पाळी, यावरून भांडणं व्हायची. पण रडणं कमी झालं. नवीन मूल आलं की जुनी मुलं त्याला माझ्यापुढं आणून बोट लावून सांगायची, "हे झालं की हे. मग हे." मला वाटलं, आता माझं काम मला कळलं.

चूक कुठं राहिली होती ते मला तेव्हा दिसलं नाही. ताईंनाही नाही.

त्या सोळा मुलांत एक ज्ञानेश्वरी होती. साडेतीन वर्षांची, बारीक अंगाची, कपाळावर उभा ओरखडा. तिची आई रोहिणी आणि वडील गोरक्ष दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. सहा वर्षांच्या थोरल्या भावाला त्यांनी बरोबर नेलं, हिला आजीजवळ ठेवलं. आजीचं नाव मालनबाई. ती रोज सकाळी तिला माझ्या समोरच्या उंबऱ्यात सोडायची. पोर पदर सोडत नसे. मालनबाई वाकून तिच्या कानात काहीतरी सांगायची. मग पोर पदर सोडायची.

काय सांगायची ते मला आठवड्याभरात ऐकू आलं. "जेवायचं, गुमान झोपायचं. झोपून उठलीस की आई येती."

ज्ञानेश्वरीनं ते मनावर घेतलं. जेवण झालं की चटईवर सगळ्यांच्या आधी ती आडवी व्हायची. डोळे इतके घट्ट मिटायची की पापण्या थरथरायच्या. ताई कौतुकानं म्हणायच्या, "बघा, ज्ञानू कशी शहाणी आहे." उठल्यावर ती कुणाला काही विचारायची नाही. दाराकडं बघायची. मग माझ्याजवळ यायची आणि बोट लावायची. आधी चटईला. मग शेजारच्या घराला. मग त्या साडीतल्या बाईच्या तोंडावर बोट ठेवून उभी राहायची.

ती मला विचारत होती. आणि माझ्यावर उत्तर लिहिलेलं होतं: झोप झाली की घर, दारात बाई. तिच्या आजीनं जे सांगितलं तेच मी सांगत होतो. मी लाकूड आहे, मला खोटं बोलता येत नाही असं मला वाटायचं. पण रोज दुपारी मी त्या पोरीशी खोटं बोलत होतो.

पाच वाजता मालनबाई न्यायला यायची. पोर निमूट तिच्याबरोबर जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

संक्रांत होऊन पाच-सहा दिवस झाले होते. दुपारी दोनचा सुमार. मुलं झोपली होती. नळाला पाणी सुटलं म्हणून बनुबाई मागं हंडे भरायला गेल्या. ताई बाजूच्या खोलीत टेबलाशी बसून मोबाईलवर मुलांच्या वजनांची माहिती भरत होत्या. ते काम त्याच दिवशी द्यायचं होतं, आणि नेट येत-जात होतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

ज्ञानेश्वरी उठून बसली. रोजच्यापेक्षा लवकर. तिनं दोन्ही बाजूंना पाहिलं. सगळी झोपलेली. ती माझ्याजवळ आली. चटईचं चित्र तिनं उलटं केलं, कारण तिची झोप झाली होती. मग घराचं चित्र तिनं आकड्यावरून काढलं, छातीशी धरलं आणि दार ढकलून बाहेर गेली.

मी पाहिलं. फक्त मीच पाहिलं. माझ्या तोंडून हाक निघू शकली असती तर मी आयुष्यात तेवढी एकच मारली असती.

अर्धा तास कुणाला कळलं नाही. बनुबाई हंडा घेऊन आत आल्या, चटईवरची रिकामी जागा बघितली, मोरीत बघितलं, अंगणात बघितलं. मग त्यांचा आवाज आला. "ताई, ज्ञानू कुठाय?"

पुढचं मी ऐकूनच जाणतो. ताई अनवाणी पळाल्या. वाडीतले होते नव्हते ते सगळे बाहेर पडले. अंगणवाडीच्या मागं दोन रानं सोडून एक शेततळं आहे, काळं प्लास्टिक अंथरलेलं. आत पडलेलं मूल त्या प्लास्टिकवरून वर येऊच शकत नाही. सगळे आधी तिकडंच धावले. दोघं कपड्यांनिशी पाण्यात उतरले. मालनबाईला कुणीतरी शेतातून आणलं. ती काठावर बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरत राहिली.

इकडं माझ्यासमोर बनुबाई पंधरा मुलांना घेऊन बसल्या होत्या. मुलं उठली होती, घाबरली होती. बनुबाईंनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. पुन्हा मोजलं.

साडेतीनला फटफटीचा आवाज आला. दूध गोळा करणारे गहिनीनाथ खर्ड्याकडून येत होते. दोन्ही बाजूंना रिकामे कॅन, आणि पुढं टाकीवर ज्ञानेश्वरी. वाडीच्या फाट्यावर, जिथं टोळीचा ट्रॅक्टर भरला होता, तिथल्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर ती बसलेली त्यांना दिसली होती. डांबरी रस्त्याला लागून. दोन किलोमीटर चालत गेली होती.

"म्या म्हनलं, कुनाची गं तू, हितं काय करती," गहिनीनाथ सांगत होते. "तर ही म्हनती, आई येनारय. मी झोपून उठले. हे बगा, म्हनून हे चित्र दावती मला."

ताईंनी पोरीला उचललं आणि माझ्यासमोर मटकन खाली बसल्या. त्यांच्या पायांच्या तळव्यांत काटे रुतले होते. पोरीनं ते चित्र माझ्या आकड्याला परत लावलं. लावताना हात पोचला नाही तर टाचा उंच केल्या. मग ती ताईंना म्हणाली, "आली न्हाई."

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमली. रागाची माणसं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. कुणी म्हणालं, बाहेरून कडी घाला. कुणी म्हणालं, कुलूप लावा. एक जण म्हणाला, "बाईलाच बदला. मोबाईल बघत बसती."

ताई उभ्या राहिल्या. "झोपलेल्या मुलांजवळ कुणीतरी बसायला पाहिजे होतं. मी बसले नाही. चूक माझी आहे. जे ठरवाल ते मला मान्य आहे."

मग मालनबाई उठली. त्या बाईला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"त्या बाईला बोलू नगा. म्या रोज पोरीला सांगायची, झोपून उठली की आई येती. रोज. तिला सोडताना तिचं रडनं ऐकवत नव्हतं म्हनून. पोर माज्या शब्दावर गेली रस्त्यानं." ती ताईंकडं वळली. "खोटं म्या बोलले. पोरीनं खरं मानलं."

ताई कामावर राहिल्या. कडी आतून, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर बसली, ती बसायलाच हवी होती. पण त्याच दुपारी मुलं झोपली असताना ताई आणि बनुबाई माझ्यापुढं बसल्या, आणि माझ्यातली चूक त्यांनी शोधून काढली.

"झोप आणि घर, ह्यांच्यामध्ये मी काहीच ठेवलं नाही, मावशी," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "मूल उठल्यापासून घरी जाईपर्यंत दोन-तीन तास असतात. ते मी मांडलेच नाहीत. उठली की उठली, असं धरून चालले."

"आन उठल्यावर त्येला कोन दिसनार, ते बी न्हाई मांडलं," बनुबाई म्हणाल्या.

एक नवीन आकडा ठोकला गेला. त्यावर चित्र आलं: चटयांच्या कडेला पाय पसरून बसलेली नऊवारीतली बाई. त्या बनुबाई होत्या. झोपेच्या वेळी त्यांनी तिथंच बसायचं, पाणी येवो नाहीतर जावो. जे मूल उठेल त्यानं आधी त्यांच्या मांडीवर यायचं, तोंड धुवायचं, लाडू खायचा, आणि बाकीची उठेपर्यंत हळू खेळायचं. पाणी भरायला ताईंच्या सासूबाई यायला लागल्या. माहिती भरायचं काम ताई पाच वाजल्यानंतर करू लागल्या.

घराचं चित्र मात्र ताईंनी फाडलं. त्याच्या जागी सोळा मुलांचे सोळा छोटे फोटो आले, प्रत्येकाला खरोखर जे माणूस न्यायला येतं त्याचा फोटो. ज्ञानेश्वरीच्या आकड्याला मालनबाईचा.

ज्ञानेश्वरीनं तो फोटो पाहिला आणि काढून जमिनीवर टाकला. "ही न्हाई. आई."

बनुबाईंनी तिला जवळ ओढलं. मला वाटलं, आता ह्याही काहीतरी गोड बोलतील. त्या बोलल्या नाहीत.

"तुजी आई आज येनार न्हाई, बाय. उद्या बी न्हाई. ती ऊस तोडाया गेलीय. होळी पेटल्यावर येनार. आज तुजी आजी येनार. आजी कवा यायची चुकलीय का?"

पोर जी रडायला लागली ती ऐकवेना. त्या दिवशी ती झोपली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस ती चटईवर उघड्या डोळ्यांनी पडून राहिली. खोटं होतं तेव्हा ती शांत होती, खरं सांगितलं आणि तिची झोप गेली. मला माझाच संशय आला. ताईंनाही आला.

"मावशी, आपण चुकलो का हो?"

"पोर रडती म्हंजी ऐकती, ताई. थांबा जरा."

नवव्या दिवशी ती बनुबाईंच्या पायाला पाठ लावून झोपली. पापण्या थरथरत नव्हत्या. तोंड थोडं उघडं होतं. बनुबाईंच्या पायाला मुंग्या आल्या असणार, पण दीड तास त्यांनी पाय हलवला नाही.

होळी झाली. पाडव्याच्या अलीकडं एका सकाळी, हात धुवायचं चित्र उलटायची वेळ असताना दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. एकीचे गुडघे मी ओळखले, मालनबाई. दुसरीची साडी उसाच्या पाचटानं फाटलेली होती, पायांवर वाळके ओरखडे.

"ज्ञाने," ती म्हणाली.

ज्ञानेश्वरीनं पाहिलं. मग ती मागं सरकली आणि बनुबाईंच्या लुगड्याआड गेली.

रोहिणी खाली बसली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. उन्हानं काळवंडलेला, पण फार तरुण होता. "माजी पोर मला वळखंना," ती सासूला म्हणाली, आणि तोंडावर पदर घेतला. मालनबाई पोरीला ओढायला पुढं झाली. ताईंनी तिला थांबवलं.

"ओढू नका, आजी. रोहिणी, तू घाईत आहेस का? नाही ना? मग बस इथंच. आज दिवसभर बस."

रोहिणी भिंतीला टेकून, माझ्या शेजारी बसली. मुलांनी हात धुतले. ज्ञानेश्वरीनं धुतले. खाल्लं. अंगणात गेली, परत आली. येता-जाता ती एक नजर टाकायची आणि नजर काढून घ्यायची. रोहिणी नुसती बघत होती. आपली पोर स्वतःच्या हातानं खाते, ताटली विसळते, पाणी मागते, हे ती पहिल्यांदा बघत होती. पाच महिने तिनं उसाच्या फडात ही पोर मनात धरली होती, पण ती पोर साडेतीन वर्षांची राहिली होती. इथली पुढं गेली होती.

जेवणाच्या आधी रोहिणीनं माझ्याकडं बोट दाखवून, कुणाला असं नव्हे, हळूच विचारलं, "ह्ये काय हाय?"

चार-पाच मुलं सांगायला धावली. पण ज्ञानेश्वरी त्यांना कोपरानं सारत पुढं आली. तिनं रोहिणीकडं पाहिलं नाही. माझ्याकडं तोंड करून, बोट लावून तिनं सांगायला सुरुवात केली.

"हे हात धुयाचं. हे खायाचं. हे झालं की हे. मग हे झोपायचं. मग ही बनुआजी, उठलं की हिच्याकडं यायचं."

"आन मग?" रोहिणीनं विचारलं.

पोर आपल्या आकड्यापाशी आली. "मग आजी येनार न्यायला."

रोहिणीनं आकड्यावरच्या मालनबाईच्या फोटोकडं बघितलं. "म्या बी येऊ का? आजीसंगं?"

ज्ञानेश्वरीनं विचार केला. चार वर्षांचं मूल विचार करतं तेव्हा ते सगळ्या चेहऱ्यानं करतं. "ये," ती म्हणाली.

रोहिणी त्यानंतर पंधरा दिवस रोज येत होती. उन्हाळा असाच गेला. त्या दोघींचं पुन्हा जमलं, इतकं की पोर आईचं बोट सोडेना.

आणि पुन्हा दसरा आला.

टोळी निघायच्या दिवशी रोहिणी स्वतः पोरीला घेऊन आली. मालनबाई म्हणत होती, पोर खेळात रमली की निघून जा, कळायचं न्हाई तिला. रोहिणीनं ऐकलं नाही. ती माझ्यासमोर बसली, पोरीला पुढ्यात उभं केलं.

"ज्ञाने, म्या ऊस तोडाया चालले. आज येनार न्हाई. झोपून उठलीस तरी येनार न्हाई. होळीला येनार. तवर आजी येनार न्यायला. कळलं?"

पोरीला कळलं. ह्या वेळी तिला पहिल्याच शब्दाला कळलं. तिनं आईच्या गळ्याला मिठी मारली आणि ओरडायला लागली. शेवटी तिचे हात सोडवावे लागले. रोहिणी पायऱ्या उतरली ती दर पावलाला मागं बघत. बऱ्याच वेळानं फाट्याकडून ट्रॅक्टरचा बारीक आवाज आला.

ज्ञानेश्वरी दाराशी बसून रडत राहिली. तिचं बघून दुसरी रडायला लागली. त्या टोळीत सहा मुलांचे आई-बाप गेले होते. कुणीही त्यांना 'गप' म्हणालं नाही. ताई आणि बनुबाई त्यांच्यात बसल्या. मांड्या दोन, मुलं सोळा. हात धुवायचं चित्र उलटायला कुणी आलं नाही. खाणं गार झालं. अंगणातलं कोवळं ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर गेलं आणि तापलं. गोष्ट झाली नाही. खिचडी शिजली ती दोन वाजता, आणि मुलांनी ती जिथं बसली होती तिथंच खाल्ली. तीनला जी झोपली ती जमिनीवर, ताईंच्या पदरावर, एकमेकांच्या अंगावर झोपली. दिवसभरात माझ्यावरचं एकही चित्र कुणी उलटं केलं नाही.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी आयुष्यात जे काही शिकलो, ते त्या दिवशी शिकलो.

त्याला आता दोन महिने झाले. थंडी पडलीय. माझा हिरवा रंग खालच्या बाजूनं उडालाय, मुलांच्या ओल्या हातांनी एक कोपरा फुगलाय. चित्रांना चिकटपट्टी लावून लावून ती जाड झालीत. पावसाळ्यात रंगनाथकाका येऊन आकडे घट्ट करून गेले. म्हणाले, अजून दोन वर्षं काढील. ज्ञानेश्वरी जूनमध्ये शाळेत जाईल. मग माझ्यापुढं दुसरी मुलं असतील, ज्यांची नावं मला अजून ठाऊक नाहीत.

कुठंतरी तुम्हीही लहान मुलांचा दिवस मांडायला बसला असाल, कागदावर किंवा माझ्यासारख्या एखाद्या फळ्यावर. खाणं मांडाल, खेळ मांडाल, झोप मांडाल. जरूर मांडा; मुलांना त्याचा आधार असतो. फक्त एवढं करा, की ज्या दिवशी एखाद्या पोराचं काळीज फाटेल, त्या दिवशी फळ्याकडं बघू नका. त्या पोराजवळ खाली बसा. आम्ही भिंतीवरच असतो. आम्ही थांबू.